टेलिमेडिसिन: पडद्यावर पेशंट दाखवायचा, की तिथला डॉक्टर तयार करायचा?

रानवारा

टेलिमेडिसिन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. इकडे खुर्चीत पेशंट, तिकडे पडद्यावर मोठे डॉक्टर, मधे इंटरनेट. त्याने प्रवास वाचतो, मजुरी बुडत नाही, म्हाताऱ्या माणसाची फरफट टळते. हे सगळं खरंच आहे आणि मला ते हवंच आहे. पण दुर्गम भागाची मूळ अडचण त्याने सुटत नाही, कारण तज्ज्ञाच्या दिवसाचे तास तेवढेच राहतात. एका पेशंटला वीस मिनिटं लागत असतील तर समोर बसवून लागतील तेवढीच पडद्यावरही लागतील. दवाखान्याबाहेरची रांग फोनमध्ये येते, एवढंच.

म्हणून हा धागा दुसऱ्या एका पद्धतीबद्दल काढतोय, जिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. या पद्धतीत तज्ज्ञ पेशंटला तपासतच नाही. पेशंटजवळ जो डॉक्टर किंवा नर्स आहे, त्यांना तो शिकवतो.

अमेरिकेतलं न्यू मेक्सिको राज्य क्षेत्रफळाने प्रचंड, वस्ती विरळ. तिथे डॉ. संजीव अरोरा हे यकृततज्ज्ञ विद्यापीठाच्या रुग्णालयात हिपॅटायटिस सी, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजाराचे पेशंट पाहत. त्यांच्याकडे नंबर लागायला आठ महिने लागायचे. तेव्हाचा उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या. बऱ्याच पेशंटना तो जवळजवळ वर्षभर घ्यावा लागे. रक्त कमी व्हायचं, पांढऱ्या पेशी घटायच्या, काहींना गंभीर नैराश्य यायचं. त्यामुळे गावातले डॉक्टर या उपचाराला हात लावायला घाबरायचे आणि पेशंट शेकडो किलोमीटर दूर शहरात पाठवायचे. त्यातले कित्येक शहरात पोचायचेच नाहीत.

२००३ मध्ये अरोरांनी 'प्रोजेक्ट इको' सुरू केला. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी गावोगावचे डॉक्टर, नर्स आणि तुरुंगांतले वैद्यकीय कर्मचारी व्हिडिओवर एकत्र यायचे. एक जण आपली केस मांडायचा. पेशंटचं नाव घ्यायचं नाही. वय, तक्रारी, रक्ताचे रिपोर्ट आणि अडलंय कुठे तेवढंच सांगायचं. मग सगळ्यांनी प्रश्न विचारायचे, तज्ज्ञांनी मत द्यायचं, जोडीला एखादं छोटं व्याख्यान. पेशंट त्या गावच्या डॉक्टरचाच राहायचा. पुढच्या आठवड्यात त्याच केसचं काय झालं तेही तोच सांगायचा.

२०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये याचा अभ्यास छापून आला. एकूण ४०७ पेशंट होते. विद्यापीठात तज्ज्ञांनी ज्यांच्यावर उपचार केले त्यांच्यापैकी ५७.५ टक्के पेशंटचा विषाणू गेला. गावांत आणि तुरुंगांत स्थानिक डॉक्टरांनी ज्यांच्यावर उपचार केले त्यांच्यापैकी ५८.२ टक्क्यांचा.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या डॉक्टरकडे पुढचा असाच पेशंट येतो तेव्हा त्याला दर वेळी कुणाला विचारावं लागत नाही. ज्ञान तिथे मुक्कामाला आलेलं असतं.

तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा.

---

शंकासुर

विषय चांगला घेतलात. अभ्यास मीही वाचलाय, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. पेशंटची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. जे डॉक्टर आपणहून दर आठवड्याला शिकायला येतात ते मुळात उत्साही असणार. शिवाय विद्यापीठातल्या पेशंटमध्ये गंभीर दुष्परिणाम जास्त दिसले, १३.७ टक्के विरुद्ध ६.९ टक्के. याचा अर्थ गावातला उपचार जास्त सुरक्षित असा काढू नये. जास्त आजारी माणसं मोठ्या रुग्णालयात गेली असण्याची शक्यता आहेच.

माझी खरी भीती मात्र वेगळी आहे. 'आता टेलिमेडिसिन आहे ना' असं म्हणत रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवल्या जातील. कॅमेरा विकत घेणं सोपं, त्याचं उद्घाटनही होतं. माणूस नेमणं, त्याला टिकवणं, राहायला घर देणं हे अवघड. जिथे डॉक्टरच नाही तिथे तुमचा तज्ज्ञ शिकवणार कुणाला?

---

रानवारा

@शंकासुर, अभ्यासाबद्दलचे दोन्ही मुद्दे मान्य. तो अभ्यास एवढंच सांगतो की योग्य साथ मिळाली तर गावातला डॉक्टर हा उपचार तज्ज्ञाच्या तोडीने करू शकतो. प्रत्येक डॉक्टर करेलच असं तो म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही.

पळवाटेची भीती रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये डिजिटल साधनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही टेलिमेडिसिन हे प्रत्यक्ष सेवेला पूरक असावं, तिची जागा घेणारं नसावं, असंच म्हटलंय. मी तर उलट्या बाजूने विचार करतो. माणसं दुर्गम भागात का टिकत नाहीत? पगार, घर, मुलांची शाळा ही कारणं आहेतच. पण तरुण डॉक्टरला आतून पोखरतं ते एकटेपण. रात्री दोन वाजता अवघड केस येते, विचारायला कुणी नसतं आणि चुकलं तर सगळं खापर एकट्यावर. दर आठवड्याला आपल्यासारख्याच दहा जणांना भेटायला मिळालं, तर तो माणूस तिथे टिकण्याची शक्यता वाढते. इकोमध्ये भाग घेणाऱ्या डॉक्टरांनीही एकटेपण कमी झाल्याचं आवर्जून सांगितलंय.

---

परिचारिका

रानवारा, लेख मनापासून आवडला. मी एका लहान आरोग्य केंद्रात नर्स आहे. डॉक्टरांचं बोलून झालं, आता पेशंटच्या शेजारी बसणाऱ्या बाजूचं ऐका.

व्हिडिओवरच्या सल्ल्यात पडद्यावर डॉक्टर दिसतात, पण तपासणी आमच्या हातांनी होते. डॉक्टर म्हणतात, 'पोट दाबून बघा, उजवीकडे खाली दुखतंय का?' नुसतं दाबून भागत नाही. हात हळूहळू आत न्यायचा, पटकन उचलायचा, आणि त्या क्षणी पेशंटचा चेहरा बघायचा. त्याच क्षणी कॅमेरा चेहऱ्याकडे असायला हवा, पोटाकडे नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एका सर्जन मॅडमनी व्हिडिओवरच शांतपणे तीन-चारदा करून घेतलं, तेव्हा हाताला कळलं. त्यानंतर पोटदुखीचा पेशंट आला की फोन लावायच्या आधीच माझं अर्धं काम झालेलं असतं, आणि मॅडमनाही माझ्या सांगण्यावर भरवसा ठेवता येतो. म्हणून तुमच्या म्हणण्याला शंभर टक्के अनुमोदन.

पण एक गोष्ट वरून योजना आखणारे नेहमी विसरतात. हे शिकणं होतं कधी? ओपीडी चालू असताना, लसीकरणाच्या दिवशी, नाहीतर ड्युटी संपल्यावर घरून. प्रशिक्षणाचा वेळ कामाच्या वेळात धरलेला नसतो. एका टेली-सल्ल्यात पेशंटला बसवा, बीपी, शुगर, वजन, तापमान घ्या, जुने कागद शोधा, फोटो काढा, कॉल लागेपर्यंत थांबा, सांगितलेलं लिहून घ्या, मग पेशंटला त्याच्या भाषेत परत समजावून सांगा, एवढं सगळं येतं. नोंदीत मात्र सल्ला मोजला जातो तो पलीकडच्या डॉक्टरांचा. आमची ही मेहनत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आठवड्यातले दोन तास लेखी आदेशाने फक्त शिकण्यासाठी राखून द्या आणि त्या वेळात ओपीडीला दुसरं माणूस द्या. एवढं केलंत तर नवीन मशीन नाही दिलं तरी चालेल.

---

मैत्रेयी

परिचारिका ताई, +१. प्रतिसाद कापून जपून ठेवलाय.

---

क्षकिरण

प्रत्येक वेळी थेट व्हिडिओ लागतोच असं नाही, हा मुद्दा चर्चेत यायला हवा. फोटो आणि माहिती पाठवून ठेवायची, तज्ज्ञाने सवडीने बघून उत्तर द्यायचं, ही पद्धत त्वचारोग, क्ष-किरण, ईसीजी, डोळ्यांचा पडदा आणि कानाचा पडदा यांसाठी उत्तम चालते.

अलास्कात कित्येक वस्त्यांना रस्ताच नाही. तिथे गावातल्याच माणसाला प्रशिक्षण देऊन 'कम्युनिटी हेल्थ एड' करतात. ही व्यवस्था १९६० च्या दशकापासून चालू आहे. हे हेल्थ एड कॅमेरा लावलेल्या दुर्बिणीने मुलाच्या कानाच्या पडद्याचा फोटो काढतात आणि दूरच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवतात. विमानाने शहरात कुणाला आणायचं आणि कुणावर गावातच उपचार करायचे, हे त्या फोटोवरून ठरतं.

१९९९ मध्ये स्विनफेन चॅरिटेबल ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेने बांगलादेशात ढाक्याजवळच्या पक्षाघात पुनर्वसन केंद्राशी पहिला दुवा जोडला. साहित्य काय, तर एक डिजिटल कॅमेरा, त्याचा स्टँड आणि ईमेल.

मात्र फोटो काढणं हीसुद्धा शिकवायची गोष्ट आहे. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे निम्मे फोटो निरुपयोगी असतात. त्वचेवरच्या चट्ट्याचा फोटो दिवसाउजेडी, शक्यतो फ्लॅश न मारता घ्या. आधी लांबून घ्या, म्हणजे चट्टा शरीरावर कुठे आहे आणि दोन्ही बाजूंना सारखाच आहे का ते कळतं. मग जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. तिसरा तिरक्या कोनातून, म्हणजे चट्टा त्वचेच्या वर उठलेला आहे की सपाट ते दिसतं. एक्स-रेचा फोटो काढायचा तर ट्यूबलाइटसमोर हातात धरून काढू नका. व्ह्यूबॉक्सवर, म्हणजे आतून उजेड असलेल्या पेटीवर लावा, खोलीतले दिवे बंद करा, मोबाइल फिल्मला समांतर धरा आणि कोपऱ्यातलं 'डावा-उजवा' चिन्ह फोटोत येतंय का ते बघा. एवढं कुणी अर्धा तास बसून शिकवलं की त्या केंद्रातून येणारा प्रत्येक फोटो कायमचा सुधारतो.

---

तारायंत्र

मी नेटवर्कवाला माणूस, वैद्यकीय भाग तुमच्यावर सोपवतो.

दूरवरून वैद्यकीय मदत ही इंटरनेटच्या फार आधीची गोष्ट आहे. ईसीजीचे जनक आइन्टहोवन यांनी १९०५ मध्ये लायडन इथे रुग्णालयातल्या पेशंटच्या हृदयाचे संकेत टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत आणले होते. कारण साधं होतं: यंत्र एवढं अवजड, की ते पेशंटजवळ नेणं शक्य नव्हतं.

त्याहून मोलाचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथली फ्लाइंग डॉक्टर सेवा १९२८ मध्ये सुरू झाली. पण एकाकी घरांतून डॉक्टरला बोलावणार कसं? वीज नाही, टेलिफोन नाही. आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पॅडल मारून चालणारा रेडिओ बनवला. पुढे १९४२ पासून घरोघरी औषधांच्या पेट्या ठेवल्या गेल्या आणि त्यातल्या औषधांना नंबर दिले. डॉक्टर रेडिओवरून सांगायचे, अमुक नंबरची गोळी द्या. औषधाचं अवघड नाव खरखरीत ऐकू येण्याचा आणि घोटाळा होण्याचा प्रश्नच मिटला. तंत्रज्ञान किती नवं, यापेक्षा पलीकडच्या माणसाच्या हातात काय आहे आणि त्याला काय कळेल याचा विचार त्यांनी आधी केला होता.

आजच्या योजना नेमक्या इथे घसरतात. मुख्यालयात बसून भारी व्हिडिओ यंत्रणा विकत घेतली जाते आणि गावात रेंज दोन काड्यांची. माझा आग्रह एवढाच की आवाजाला पहिला मान द्या. नेट कमी झालं की चित्र आधी बंद पडू द्या, आवाज तुटू देऊ नका. स्लाइड्स आदल्या रात्री, नेट मोकळं असताना, पाठवून ठेवा. मग प्रत्यक्ष सत्रात फक्त बोलणं जातं, आणि त्याला फार कमी बँडविड्थ पुरते. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयाने फ्रेंचभाषी आफ्रिकेत 'राफ्ट' नावाचं जाळं मालीपासून सुरू केलं, तेव्हा अशाच कमी बँडविड्थवर चालणारं सॉफ्टवेअर मुद्दाम बनवून घेतलं होतं. आणि साध्या फोन कॉलची पर्यायी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.

---

मैत्रेयी

सगळे डॉक्टर-नर्सच्या बाजूने बोलताहेत, मी पेशंटच्या नातेवाइकाच्या बाजूने बोलते.

आईच्या टेली-सल्ल्याच्या वेळी खोलीत आम्ही, नर्स, पुढचे दोन पेशंट आणि दारात उभी असलेली माणसं होती. पलीकडून डॉक्टर मोठ्याने विचारत होते, 'लघवीवर ताबा राहतो का?' आई गप्प. डॉक्टरांना वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी आणखी मोठ्याने विचारलं. दार लावून घेणं आणि हेडफोन देणं एवढीच गोष्ट होती. आजाराबद्दल चारचौघांत बोलायची ज्यांना सगळ्यात जास्त लाज वाटते, त्यांच्याच वाट्याला अशी खोली येते.

दुसरं, यंत्रांवर डोळे झाकून विसंबू नये. घरी बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर कोविडमध्ये सगळ्यांनी वापरला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीय पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात धोकादायक पातळीवर असतानाही यंत्राने ठीक आकडा दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटच्या जवळपास तिप्पट होतं. म्हणजे ज्यांच्यापर्यंत मुळात डॉक्टर पोचत नाहीत, त्यांच्याच बाबतीत यंत्रही कमी पडू शकतं. दूर बसलेले डॉक्टर फक्त आकडा बघतात. माणूस धापा टाकतोय, ओठ निळे दिसताहेत, वाक्य पूर्ण बोलता येत नाहीये, हे शेजारी बसलेल्याने सांगायला हवं आणि त्याचं म्हणणं आकड्यापेक्षा वरचढ मानलं जायला हवं.

---

परिचारिका

मैत्रेयी, दोन्ही मुद्दे अगदी बरोबर. श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट द्यायचं, हे मी नव्या मुलींना सगळ्यात आधी शिकवते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. आणि दार लावून घेण्याबद्दल उद्याच आमच्या केंद्रात बोलते.

---

दक्षिणायन

थोडं अवांतर, पण अगदी विषयाला सोडून नाही. १९९९ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन तळावर डॉ. जेरी निल्सन या एकट्याच डॉक्टर होत्या. हिवाळ्यात तिथे महिनोन्‌महिने विमान उतरू शकत नाही. अशा वेळी त्यांना स्वतःच्या स्तनात गाठ लागली. त्यांनी तळावरच्या सहकाऱ्यांना, म्हणजे वैद्यकाशी काही संबंध नसलेल्या माणसांना, तयार केलं आणि त्यांच्या मदतीने स्वतःची बायोप्सी केली. काचपट्ट्यांची चित्रं अमेरिकेतल्या तज्ज्ञांकडे पाठवली. जुलैमध्ये विमानातून औषधं खाली टाकली गेली आणि दुरून मार्गदर्शन घेत त्याच सहकाऱ्यांच्या साथीने केमोथेरपी सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये त्यांना बाहेर काढता आलं. पुढे त्या जवळजवळ दहा वर्षं जगल्या.

पलीकडे जगातले उत्तम तज्ज्ञ होते, पण सुई धरणारे हात तळावरचेच होते. त्यामुळे रानवारा म्हणतात ते मला पटतं.

---

शंकासुर

@दक्षिणायन, छान आठवण. पण अपवादात्मक प्रसंगांवरून व्यवस्था उभी राहत नाही. मला रोजच्या कामाबद्दल ऐकायचंय. रानवारा, ज्याला तातडी आहे त्याचं काय? आठवड्यातून एकदा शिकवून आत्ता दारात आलेला पेशंट वाचत नाही.

---

रानवारा

बरोबर, तातडीसाठी थेट कॉलच हवा. पक्षाघाताचंच घ्या. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आत रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनमध्ये बघून. प्रत्येक गावात मेंदूविकारतज्ज्ञ असणं शक्य नाही. म्हणून लहान रुग्णालयात सीटी करून, व्हिडिओवर तज्ज्ञाला दाखवून इंजेक्शन तिथेच सुरू करायचं आणि मग पेशंट हलवायचा, ही पद्धत अनेक देशांत रुळलीये. इथे पडद्यावरचा तज्ज्ञ अनिवार्य आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण ते साडेचार तासांचं घड्याळ जवळून बघा. वेळ कुठे जातो? घरच्यांना लक्षण ओळखायला. मग 'शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं होतं' हा प्रश्न दारातच विचारला नाही, म्हणून नंतर फोनाफोनी करण्यात. मग शुगर तपासायची राहते, आणि कमी शुगरची लक्षणं पक्षाघातासारखी दिसू शकतात. तज्ज्ञाचा कॉल लागतो तो या सगळ्यानंतर. दारातल्या नर्सला पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं ते पाठ असेल, तरच तो कॉल वेळेत लागतो. आणि तो सराव शांत दिवशीच करून घ्यावा लागतो.

---

परिचारिका

रानवारा, आमच्या भागातल्या पाच-सहा केंद्रांनी मिळून असा साप्ताहिक गट सुरू करायचं आमच्या मेडिकल ऑफिसर मॅडमच्या मनात आहे. एक स्त्रीरोगतज्ज्ञ वेळ द्यायला तयार आहेत. पहिला विषय कोणता घ्यावा?

---

रानवारा

ताई, फारच चांगली बातमी! माझं मत: गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आणि झटके. तो प्रत्येक केंद्रात येतो, त्यात जीव जातो, आणि औषध साधं आहे, मॅग्नेशियम सल्फेट. २००२ च्या मॅगपाय अभ्यासात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचं दिसलं. तरी बऱ्याच ठिकाणी पहिला डोस न देताच बाईला गाडीत घालून पाठवतात, कारण औषधाची भीती वाटते. ती भीती घालवायला व्याख्यान कामाचं नाही. कॅमेऱ्यासमोर एकमेकींवर सराव करा: गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया कशी बघायची, श्वास किती झाले तर पुढचा डोस थांबवायचा, लघवी कुठपर्यंत मोजायची, मॅग्नेशियम जास्त झालं तर त्यावरचा उतारा असलेलं कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये कुठे ठेवलंय. डोस तुमच्या अधिकृत प्रोटोकॉलप्रमाणेच, तो तज्ज्ञ मॅडमकडून भिंतीवर लिहून घ्या.

पहिली केस तज्ज्ञांनी मांडू नये, तुमच्यापैकी कुणीतरी मांडावी. आणि केस मांडणाऱ्या सिस्टरला इतर केंद्रांच्या सिस्टरनी आधी प्रश्न विचारावेत, तज्ज्ञांनी शेवटी बोलावं. सुरुवातीला हा क्रम कटाक्षाने पाळा, नाहीतर आठवड्याभरात त्याचं व्याख्यान होऊन जातं.

---

तारायंत्र

ताई, सहाही केंद्रांत रेंज कशी आहे ते कळवा. कॉल लावून आवाज तुटत नाही ना, हे पहिल्या सत्राच्या आधी तपासून घेऊ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी मदत करतो.

---

परिचारिका

व्यनि केलाय. दोन केंद्रांत रेंज फक्त गच्चीवर येते. तिथे फोन कॉलवरच जोडून घ्यावं लागेल असं दिसतंय. वेळ बुधवारी दुपारी तीनची ठरतेय, ओपीडी संपल्यावर. ड्युटीचे तास धरण्यासाठी मॅडम वर पत्र लिहिताहेत.